चार बोटं आखूड

गोंडपिपरी
दि. ९ फेब्रुवारी २०२४

चि. मीरास,

लटारूचे अनेक आशीर्वाद. पत्राचं पाकीट पाहून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर तू ‘बरं’ म्हणतेस आणि ठेवतेस, आणि हे काम लेखीच पाहिजे आहे, म्हणून वही काढून बसलो.

इकडे सर्व ठीक. कापूस अजून घरातच आहे. भाव चढेल म्हणून निकेशने ठेवला आहे. मी म्हणतो भाव चढेल तेव्हा चढेल, उंदीर आजच चढले आहेत. पण मुलगा मोठा झाला की बापाने फक्त पोती मोजायची. तुझ्या शकूवहिनीच्या गुडघ्याचं तेच आहे. चंद्रपूरच्या धुळीत तुझी शाळा कशी चालली आहे? स्कूटीला बाजूची दोन चाकं लावली आहेत ती खड्ड्यात अडकतात असं तू दिवाळीला फोनवर म्हणाली होतीस. त्याचं काही केलंस का?

तर काम असं. मैनेचं खोगीर विकायला काढलं आहे. घोडी जाऊन तीन वर्षं होत आली. निकेशला तिला बांधायच्या कोठ्याच्या जागी पिठाची गिरणी टाकायची आहे, आणि खोगीर घरात आणलं तर शकू मला खोगिरासकट बाहेर काढील. नवरदेवांना आता घोडी लागत नाही, उघड्या छताची गाडी लागते. त्यात नवरदेव कमी आणि करवल्याच जास्त बसलेल्या असतात.

किंमत सात हजार सांगतो आहे. जास्त नाही. लाकडी सांगाडा शाबूत, पोटाखालचा तंग नवा, दोन्ही रिकिबी पितळेच्या. चामड्याला दर पोळ्याला तेल दिलं आहे, मैना गेल्यावरही दिलं. खोट एकच, डाव्या रिकिबीचा पट्टा चार बोटं आखूड. तुला शाळेत नोकरी लागली तेव्हा बाबांनी तो तुझ्या डाव्या पायाच्या मापाने कापून शिवून टाकला, आणि पुढे धरायला लोखंडी कडी बसवून घेतली. आता तो पट्टा लांब करता येत नाही. लहानपणच्या तापात बहिणीचा पाय आखडला, तिला पाच किलोमीटरवरच्या शाळेत जायचं होतं, हे सगळं मी गिऱ्हाइकापुढे सांगत बसत नाही. उन्हाळ्यात याच खोगिरावर जरीची झूल टाकून आपण नवरदेव बसवायचो. तालुक्यातल्या निम्म्या लग्नांच्या फोटोत नवरदेवाचा डावा गुडघा वर आलेला आहे, आणि पाहुण्यांना वाटायचं पोरगा तोऱ्यात आहे.

पहिला आला सावलीचा विक्की. त्याच्याकडे बग्गी आणि दोन पांढऱ्या घोड्या आहेत. बैलबाजारातल्या दलालाचा मुलगा, त्यामुळे रीतीने आला. खाटेवर बसला, दुपट्ट्याखाली माझा हात घेतला आणि अडीच बोटं दाबली. मी सात सांगितलेले असताना अडीच! वर म्हणतो, “काका, हे तं लंगडं खोगीर हाये.”

मी म्हटलं, “खोगीर कुठी चालते बाबू, घोडी चालते.” आणि हात काढून घेतला.

दुसरा जंगलाच्या गेटाजवळ हॉटेल बांधून राहिला आहे. त्याला हे भिंतीवर टांगायचं होतं. चार हजार देतो म्हणाला, पण आतापासून तेल देऊ नका, चामडं फाटलेलं दिसलं तर पाहुण्यांना आवडते. त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

तिसरा एटापल्लीच्या पुढून आला. कुठल्याशा आश्रमशाळेत मास्तर आहे. आलापल्लीवरून दोन गाड्या बदलून आला, म्हणजे गरज होती. खोगीर त्याने उलटंपालटं करून पाहिलं. भाव दुपट्ट्याखाली करतात हेही त्याला माहीत नाही. आवारात उभा राहून मोठ्याने म्हणाला, “सात हजार बराबर हाये.” शेजारची कुंपणाला लटकून ऐकत होती. मी खोगीर बांधून द्यायला उठलो तर म्हणतो, “पण मीराबाईले विचारलं काय? त्याहिनं सोताच्या हातानं लिहून देलं तरच नेतो.”

मी म्हटलं खोगीर माझ्या घरातलं आहे. तो ऐकेना. दोन हजार इसार ठेवून गेला.

म्हणून तुला लिहितो आहे. ‘खोगीर विकायला माझी हरकत नाही’ एवढं एका कागदावर लिहून खाली सही कर आणि पाठवून दे. बाकी विचारण्यासारखं यात काही नाही.

तुझा
लटारूभाऊ


गोंडपिपरी
दि. २१ फेब्रुवारी २०२४

चि. मीरास आशीर्वाद.

निकेशच्या फोनवर तुझा निरोप आला. “गिऱ्हाईक कोण?” एवढाच. बारा दिवसांनी दोन शब्द. सही मागितली तर प्रश्न आला, ही तुझी लहानपणची सवय आहे.

सांगतो. लपवण्यासारखं काही नाही. धनराज मास्तर. आठवत असेल. तुझ्या शाळेच्या अलीकडे नाल्याजवळ शाळा होती, तिथे शिक्षणसेवक होता. रोज तू मैनेवरून त्याच्या शाळेसमोरून जायचीस. सन दोन हजार सहामध्ये तो आपल्या घरी मामाला घेऊन तुझ्यासाठी आला होता. पुढे त्याची बदली तिकडे जंगलात झाली आणि तो तिकडचाच झाला. डोक्यावरचे केस गेले आहेत. पहिल्यांदा मी ओळखलंच नाही, नाव सांगितलं तेव्हा ओळखलं. मागच्या पत्रात नाव लिहायचं राहून गेलं.

तो संसारी आहे. बायको कलाबाई, अंगणवाडीत आहे, दोन मुलगे शिकतात. हे तुला अशासाठी सांगतो की मनात काही भलतंसलतं येऊ नये.

खोगीर त्याला स्वतःसाठी नको आहे. त्याच्या शाळेत सातवीत स्वाती म्हणून एक मुलगी आहे. मागच्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला गेली तेव्हा अस्वलाने तिची डावी मांडी फाडली. जीव वाचला, पाय आखूड राहिला. तिचं गाव तिकडच्या एका नाल्यापलीकडे. सरकारने तीनचाकी सायकल दिली आहे, ती नाल्याच्या अलीकडे एका झाडाखाली उभी आहे, कारण पलीकडे दगड आहेत. मुलीला वसतिगृहात करमत नाही, आजीजवळ राहायचं आहे. आजी म्हणजे गावची मोठी बाई, तिच्याकडे एक तट्टू आहे. तट्टू आहे, मुलगी आहे, मधलं खोगीर नाही. व्हॉट्सअॅपवर निकेशने फोटो टाकला होता तो फिरत फिरत मास्तरपर्यंत गेला. त्याने फोटोतच डावी रिकीब वर आहे हे पाहिलं.

म्हणजे विक्की ज्याला खोट म्हणाला त्याच खोटेचे हा सात हजार देतो आहे. धंद्यात असं कधी कधी होते.

जुनं उकरायचं कारण नाही. त्याने तेव्हा पाय पाहून नाही म्हटलं, आपण ते धरून बसलो नाही, तूही बसली नाहीस. मुलीच्या कामाला येते आहे तर येऊ दे. कागद पाठव. शाळा सुटायच्या आत, म्हणजे एप्रिलआधी, तिला सवय झाली पाहिजे असं तो म्हणत होता.

शकूने तुला आंबाडीची भाजी वाळवून ठेवली आहे. कोणी येणारं असलं की पाठवतो.

तुझा
लटारूभाऊ


गोंडपिपरी
दि. ६ मार्च २०२४

मीरा,

तुझं कार्ड काल पोहोचलं. पोस्टमनने वाचून दिलं असणार, कारण देताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

“ज्याने पाय पाहून नाही म्हटलं, तो त्याच पायाचं खोगीर घ्यायला दोन गाड्या बदलून येतो, हे कसं?”

कार्डावर एवढीच ओळ. मी ती संध्याकाळपर्यंत खिशात घेऊन फिरलो. बांधावर गेलो, परत आलो. दोन वेळा उत्तर लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा चांगलं खोटं सुचलं. माणूस पन्नाशीला आला की खोटं सुचायला वेळ लागत नाही. पण मग तू तिसरा प्रश्न विचारशील, आणि तिसऱ्याला माझ्याजवळ काही उरलेलं नाही.

त्याने नाही म्हटलं नव्हतं. नाही मी म्हटलं.

शनिवार होता, तुझी सकाळची शाळा. ते दोघं फटफटीवर आले. बाबा जाऊन वर्ष झालं होतं आणि गावात मला नुकतेच कुठे ‘घोडीवाले लटारूभाऊ’ म्हणायला लागले होते. आई शेतावर गेली होती. मी त्यांना खाटेवर बसवलं, शकूने पोहे केले. पोहे देऊन ती विहिरीवर गेली, त्यामुळे पुढचं तिने ऐकलं नाही. मामा म्हणाला, “आमाले हुंडा नको, भांडीकुंडी नको. पोराले बाई पसंत हाये, बाईले पोरगा पसंत असन तं पाहा.” मी मान हलवत होतो. मनात तारखाही काढत होतो.

मग धनराज म्हणाला, “एक मागणं हाये भाऊ. माही बदली एटापल्लीच्या पुढं झाली. तिथी रस्ता नाई. बाईसंगं घोडी पाठवा. दाव्यासकट पाठवा.”

तुला सांगायला नको, पण लिहितो, कारण माझ्या बाजूने बोलायला एवढंच आहे. जनावर घरातून जाते तेव्हा त्याच्या गळ्यातलं दावं घरी राहते. बाबांनी गोऱ्हा विकला, म्हैस विकली, दावं प्रत्येक वेळी सोडून घेतलं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, तुमचं घेऊन या. दावं गेलं की कोठ्याची बरकत गेली. मागणाऱ्याने दावं मागणं म्हणजे तुमचा कोठा बसवतो असं तोंडावर सांगणं. बाजारात यावरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. आणि हा माझ्याच खाटेवर, माझेच पोहे खात, दावं मागत होता. माझं डोकं फिरलं.

पण डोकं फिरलं म्हणून मी भांडलो असतो तर ते बरं झालं असतं. मामाने मला समजावलं असतं, गोष्ट तिथेच मिटली असती. मी भांडलो नाही. शांतपणे म्हटलं, “आमची पोरगी तिकडं जंगलात राहाची नाई. तिनंच सांगून ठेवलं हाये.”

धनराजने विचारलं, “बाई सोता असं म्हणाल्या?”

मी हो म्हटलं. ते उठले. ताटलीतले पोहे अर्धे तसेच होते.

तू दुपारी आलीस. आवारात फटफटीच्या चाकांचे माग होते. मैनेवरून उतरता उतरता विचारलंस, “कोणी आलते काय भाऊ?” मी म्हटलं, “आलते. पायाचं मनात आणून नाई म्हणाले.” हे का म्हटलं ते मला त्या दिवशीही सांगता आलं नसतं. दुसरं काहीही म्हणता आलं असतं. पत्रिका जुळत नाही म्हणता आलं असतं. पण तू ज्याच्यावर पुढे काही विचारणार नाहीस असं एकच कारण होतं आणि ते मला लगेच सापडलं.

तू म्हणालीस, “बरं.”

सोमवारी मी मैनेवर खोगीर घालून तिला दारात उभं केलं. तू तिच्या बाजूने निघून गेलीस. फाट्यापर्यंत एस.टी.ने आणि तिथून दोन किलोमीटर पायी. संध्याकाळी तुझ्या चपलेची डावी टाच घासून गेलेली मी पाहिली. मग रोजच तसं. जूनमध्ये तू बदली मागून घेतलीस. मैनेवर तू परत बसली नाहीस, आणि ती रोज त्या वेळेला कान टवकारून तुझ्या खोलीकडे पाहत असे. मी तिला वैरण टाकून ओरडायचो.

आणि मीरा, मला बरं वाटलं होतं. हेही लिहून टाकतो. त्या उन्हाळ्यात वराती होत्या, घोडी राहिली, दावं राहिलं. तुझं काय गेलं याचा हिशेब मी केला नाही. दोन उन्हाळे तर मी स्वतःला हुशार समजत होतो. नंतर आई गेली तेव्हा तू तीन दिवस आलीस, तेव्हा एकदा तोंडापर्यंत आलं होतं. तू कोठ्यात जाऊन मैनेच्या मानेवर हात ठेवून उभी होतीस. मी दारातून परत फिरलो.

आता यंदाचं. मास्तर इसार देऊन उठला तेव्हा त्याने त्या आखूड पट्ट्यावर आपली चार बोटं ठेवून पाहिली. म्हणाला, “तितकंच हाये. वर्षभर रोज पाह्यलो ना भाऊ.” आणि मग, “खरं सांगा. तेव्हा बाईनं नाई म्हटलं होतं काय?”

 मी उलट त्यालाच विचारलं, “तुमी दावं काऊन मागितलं होतं?”

तो म्हणाला, “नव्या दाव्याले जनावर बिचकते मनून कोणी सांगितलं होतं. तिकडं गेल्यावर बाईची घोडी बिचकू नये मनून म्हटलं. काऊन? त्याच्यात का असते?”

त्याचा बाप कपडे शिवायचा. त्यांच्या घरी कधी शेळीसुद्धा नव्हती. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. भर आवारात मोठ्याने भाव बोलणाऱ्या माणसाला दाव्याची रीत कुठून माहीत असणार? हे मला अठरा वर्षांनी कळलं. मी त्याला रीत सांगितली. ऐकता ऐकता तो तंगाची बकल लावत आणि काढत राहिला. मग म्हणाला, “तेव्हा तुमी तिले नाई विचारलं. ह्या वक्ती तरी विचारा.” त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

काल रात्री जेवताना शकूला सांगितलं. ती ताटावरून उठली. “बाई दिवाळीले येत नाई, राखीले येत नाई, मले वाटे माह्याचमुळं येत नाई. अठरा वर्षं मी मलेच दोष देऊन राह्यली,” म्हणाली. सकाळपासून माझ्याशी बोलली नाही. चहा मात्र दिला, निकेशच्या हातून.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो. माफ कर. त्याच्यावर तुला काही उत्तर द्यावं लागणार नाही.

खोगीर खुंटीवर आहे. इसाराचे दोन हजार त्याला परत पाठवले आहेत, कारण जे माझं नव्हतं त्याचा इसार मी घेतला होता. ते त्या मुलीला द्यायचं की नाही, किती घ्यायचे, की काहीच घ्यायचे नाहीत, की चंद्रपूरला तुझ्या घरी न्यायचं, ते तू पाहा. निकेश गाडी करून जिथे सांगशील तिथे पोहोचवील. गिरणी थांबेल. पण उत्तर माझ्याकडे पाठवू नकोस. मास्तरांचा पत्ता आणि फोन नंबर या कागदाच्या मागे लिहिला आहे. तू हो म्हण, नाही म्हण, त्यांच्याशी तू स्वतः बोल. या वेळी मधात मी नाही.

सोबतच्या पुडक्यात मैनेचं दावं आहे. ती गेली तेव्हा सोडून ठेवलं होतं.

लटारू